बाईंच्या माळ्यावरची पेटी

काडीने स्वतःच्या स्वेटरचा गळा कापला होता, आणि ही गोष्ट काही केल्या आईच्या मनातून जात नव्हती.

स्वेटर तिनेच विणलेला. राखाडी, उंच गळ्याचा, दोन महिने खपून केलेला. पोरगा दिवसभर लोकांच्या थंडगार माळ्यांवर सरपटतो, मानेला ऊब हवी, म्हणून तिने मुद्दाम गळा चार बोटं जास्त विणला होता. धुवायला टाकताना तिला दिसलं, गळा कात्रीने थेट छातीपर्यंत चिरलाय. उसवू नये म्हणून कडेला ती चंदेरी चिकटपट्टी लावली होती, नळ्यांच्या सांध्यांना लावतात ती. अगदी नीट, एक सुरकुती नाही. म्हणजे काम त्याचंच. घरात दुसऱ्या कोणाला इतकी सरळ पट्टी लावता येत नाही.

"काय रे हे?" तिने विचारलं.

"गळ्याशी येतं गं," तो म्हणाला आणि चहाचा कप घेऊन खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

काडी म्हणजे तिचा थोरला. वय एकोणतीस, उंची दाराच्या चौकटीला टेकेल एवढी आणि अंगकाठी अशी की आडवा वळला तर शोधावा लागेल. नाव शाळेत पडलं ते चिकटलंच. कामावर जोडीदारही असा मिळाला की ज्याला सगळे पैलवान म्हणतात आणि जो कुठल्याही दारातून तिरका होऊनच आत शिरतो. दोघं एका गाडीतून उतरले की गिऱ्हाईक हमखास हसतं, "आले बघा, काडीपैलवान आले!" पैलवान शिडी धरतो, काडी वर जातो. "आत गेलास की पेटू नकोस रे," हा पैलवानाचा रोजचा विनोद. काडीही रोज नव्याने हसतो.

काम हवेचं. हल्लीची घरं म्हणजे झाकण घट्ट लावलेले डबे. थंडी आत येऊ नये म्हणून लोकांनी एकूण एक फट बुजवली, आणि मग आत स्वतःच कोंडले. खिडक्यांना घाम, कपाटामागे बुरशी, सकाळी उठल्यावर डोकं जड. खिडकी उघडावी तर सगळी ऊब पळून जाते. यावर उपाय म्हणून माळ्यावर एक पेटी बसवतात. ती स्वयंपाकघरातली, न्हाणीघरातली शिळी हवा ओढून बाहेर टाकते आणि बाहेरची ताजी हवा झोपायच्या खोल्यांत सोडते. गंमत अशी की जाणारी हवा जाता जाता आपली ऊब येणाऱ्या हवेला देऊन जाते. गिऱ्हाइकांना हे काही केल्या पटत नाही.

"म्हणजे घाण हवा परत आमच्याच नाकात?" एका आजोबांनी त्याला विचारलं होतं.

"नाही हो आजोबा. अबोला धरलेल्या दोन जावा असतात ना? एकाच बोळातून जातात, एकमेकींना धक्काही लागू देत नाहीत, पण हातातलं गरम पातेलं मात्र एकीकडून दुसरीकडे जातं. तसं आहे."

आजोबांनी पेटी बसवून घेतली. दोन सुनांच्या घरात राहत होते, पटकन पटलं.

या कामात काडीचा हात कोणी धरू शकत नाही. पेटी बसवली, नळ्या टाकल्या की बाकीच्यांचं काम संपतं. याचं तिथे सुरू होतं. प्रत्येक खोलीत किती हवा येते आणि किती जाते, ते तो मीटर धरून मोजतो, छतातल्या झरोक्याची चकती अर्धा आटा फिरवतो, पुन्हा मोजतो.

"सोनं तोलतोयस का रे?" पैलवान खालून ओरडतो.

"जास्त ओढली तर दारं उघडत नाहीत, जास्त ढकलली तर भिंतीत ओल शिरते. जेवढी घेतली तेवढीच द्यायची," हे त्याचं उत्तर. एरवी चार शब्द एका दमात न बोलणारा मुलगा हवेविषयी बोलायला लागला की थांबत नाही.

स्वतःच्या घरात त्याने पेटी बसवली ती माळ्यावर नाही, बोळातल्या भिंतीवर, आईच्या खांद्याच्या उंचीला. "तुला स्टुलावर चढायला नको." दर तीन महिन्यांनी ती दोन चाप उघडते, काळे पडलेले फिल्टर काढते, नवे सरकवते आणि कडेला पेन्सिलीने तारीख लिहिते. खालची पाणी जायची बारीक नळीही तिला माहीत झाली आहे. आतल्या हवेतली वाफ थंड होऊन पाणी होतं, ते त्या नळीने जातं, ती तुंबली की पेटी ठिबकायला लागते. ती स्वतः पदवीधर, पण एवढं कामाचं ज्ञान तिला कुठल्या पुस्तकात मिळालं नव्हतं.

ही पेटी बसवायला लावणारा मामा. मामा म्हणजे तिचा धाकटा भाऊ, काडीचा मालक. कामावर तो सख्खा मामा एकट्या काडीचा, पण तिथले सगळेच त्याला मामा म्हणतात, गिऱ्हाइकंसुद्धा. "आपणच सगळ्यांचे मामा असलो की आपल्याला कोणी मामा बनवत नाही," असं तो म्हणतो.

काडी त्याच्याकडे आला तो पडद्यामागून. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष अर्ध्यावर सोडून तो एका दुपारी ट्रंक घेऊन दारात उभा राहिला आणि खोलीत गेला. आठ महिने त्या खोलीचा पडदा उघडला नाही. जेवणाचं ताट दाराशी ठेवायचं, रिकामं उचलायचं. बाबा म्हणायचे, "दे दोन ठेवून." धाकटी बहीण म्हणायची, "त्याला हाक मारू नका, आपलं बोलणं त्याला ऐकू येतं तेच पुष्कळ." शेवटी आईने भावाला बोलावलं. "तुझ्या पदरात घालते रे," म्हणाली. मामा आत गेला, पलंगावर बसला आणि म्हणाला, "माझ्याकडे एक काम आहे. अरुंद जागेत शिरायचं. माझी सगळी माणसं जाडी. तुला जमेल?"

पडद्याच्या अंधारातून उत्तर आलं, "जमेल."

आई दारामागे उभी होती. पदर तोंडाला लावून रडली. कारण तो शब्द तिचाच होता.

जमत नाही हा शब्द आपल्या घरात नाही, असं ती मुलांना लहानपणापासून सांगत आली होती. गणित अडलं, सायकलवरून पडला, डब्याचं झाकण उघडेना, की हेच. तिने स्वतः काडी पोटात असताना शेवटच्या वर्षाची परीक्षा दिली होती, दोन बाकांच्या मधल्या जागेत पोट मावत नव्हतं म्हणून तिरकी बसून. तेव्हापासून तो शब्द तिने घराबाहेर काढला होता. पोरांनी तो कधी परत आणला नाही.

बाईंच्या घरी पेटी बसवली ती काडी कामावर लागला त्याच वर्षी. बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका, एकट्या राहतात, अजूनही समोरच्याला उभं राहून बोलायला लावतात. त्यांच्या माळ्यावर पुढे पाण्याची मोठी टाकी, मागे भिंत. पेटी टाकीच्या मागे, भिंतीला लागून बसवली तर नळ्या कमी लागणार होत्या. मामाने डोकं खाजवलं. "बसवता येईल. पण साफसफाईला दरवर्षी मागे जाणार कोण?" टाकी आणि तुळई यांच्यामध्ये दीड वितीची फट.

"मी आहे की," काडी म्हणाला. "मला जमतं."

मामाने त्याची पाठ थोपटली. तेव्हापासून तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो, "जिथे उंदीर जात नाही तिथे माझा काडी जातो." आणि काडी जातो म्हणून पेट्या अशाच कुठेकुठे बसायला लागल्या. जिन्याखाली, तुळयांच्या पलीकडे, धुराड्याच्या मागे. दरवर्षी दोन-तीन जागा वाढत गेल्या.

मागच्या हिवाळ्यात काय झालं ते आईला बरंच उशिरा कळलं. रविवारची दुपार होती. ती त्याच्या कोपरातून, माळ्यावर ऊब राहावी म्हणून पसरतात त्या पिवळ्या लोकरीचे धागे काढत होती. त्या काचेच्या लोकरीची कुसळं कातडीत शिरतात, चिकटपट्टी लावून ओढावी लागतात. ती ओढत होती आणि तो दुसरीकडे बघत होता. बघता बघता बोलायला लागला.

बाईंच्या माळ्यावर फिल्टर बदलून परत येताना तो फटीत अडकला. जाकिटाची चेन तुळईच्या खिळ्यात अडकली, एक हात पोटाखाली राहिला, डोक्यावरचा दिवा टाकीला आपटून विझला. पुढे जाता येईना, मागे येता येईना. खाली पैलवान बाईंच्या हातचा चहा पीत होता. थोड्या वेळाने त्याने हाक मारली, "काडी, जमतंय ना रे?"

"मग?" आईने विचारलं. तिच्या हातातली पट्टी तशीच राहिली होती.

"मी म्हटलं, जमतंय."

"अरे, अडकला होतास ना?"

"तोंडातून तेच आलं. तीनदा विचारलं त्याने. तिन्ही वेळा तेच."

चाळीस मिनिटं. शेवटी त्याने काय केलं, तर छातीतली सगळी हवा सोडून दिली. अगदी रिकामा झाला तेव्हा दोन बोटं जागा झाली, तेवढ्यात खिळा सुटला, आणि श्वास न घेता तो टाकीच्या पलीकडे सरकला. खाली उतरल्यावर बाई म्हणाल्या, "फार वेळ लावलात." पैलवान म्हणाला, "डुलकी काढली असेल साहेबांनी." काडी हसला.

हे सांगून झाल्यावर त्याने आईचा हात आपल्या डोक्यावर ठेवला. "माझी शपथ आहे तुला. मामाला सांगायचं नाही. बाबांना नाही. पैलवानाला नाही. आणि धाकटीला तर मुळीच नाही, तिच्या पोटात तीळ भिजत नाही."

"पण मामाला सांगितलं तर..."

"तर तो म्हणेल, बरं, बस घरी. आणि मी पुन्हा त्या खोलीत बसेन. आई, हवेचं काम मला आवडतं गं. एवढी एक फट सोडली तर."

म्हणून ती गप्प राहिली. शपथबिपथ ती मानत नव्हती. पण हात त्याच्या डोक्यावर होता.

त्यानंतर ती बघत राहिली. न्हाणीघरात गेला की कडी लावत नाही, मोठमोठ्याने गातो, म्हणजे आत कोणी आहे हे कळावं. लिफ्ट सोडून सहा मजले चढतो, म्हणे व्यायाम. गिऱ्हाइकांना बजावून सांगतो, पेटी चालू असताना थंडीत खिडकी उघडू नका, आणि स्वतः उशाशी खिडकी सताड उघडी टाकून झोपतो. बाबा कुरकुरतात, "सगळ्या जगाची ऊब वाचवतो आणि घरची बाहेर फेकतो." धाकटी म्हणते, "डॉक्टरच आजारी." सगळे हसतात. आई हसत नाही, आणि का हसत नाही हे तिला सांगताही येत नाही. इकडे आड, तिकडे विहीर. बोलावं तर पोरगा पुन्हा पडद्यामागे जाणार. न बोलावं तर एखाद्या दिवशी त्या दीड वितीत चाळीस मिनिटांचं काहीतरी वेगळंच होणार. आणि आता हा कापलेला गळा.

काल संध्याकाळी मामाचा फोन आला. काडीने तो स्पीकरवर ठेवला, कारण हात पिठात होते, आईला पोळ्या लाटून देत होता.

"उद्या अकरा वाजता बाईंकडे जा. पाण्याची नळी तुंबलीय. खोलीच्या छतातून ठिबकतंय म्हणे, त्यांच्या पलंगावरच. ताटाएवढा डाग पडलाय. बाई जाम भडकल्यात."

लाटणं थांबलं. "मामा, मी मागे म्हटलं होतं बघ. खोलीच्या छताला खालून एक चौकोनी दार पाडलं तर पेटी थेट हाताशी येते. शिडी लावली की झालं."

"अरे, विचारलं होतं ना बाईंना तेव्हा? काय म्हणाल्या? माझ्या डोक्यावर भोक नको. नवं छत आहे त्यांचं. आणि दार कशाला हवंय? तू आहेस की." मामा हसला. "जमेल ना?"

आईने तव्याकडे बघत वाट पाहिली. या वेळी तरी. एकदा तरी.

"जमेल," काडी म्हणाला.

ती पोळी नकाशासारखी झाली. त्याने ती गोळा करून पुन्हा लाटली.

सकाळी तो साडेआठला निघाला. आधी दुसऱ्या एका घरी फिल्टर बदलायचे होते, मग बाई. डबा घेतला, पण नाश्त्याला शिवला नाही. बूट घालताना नाडी दोनदा बांधली, दोनदा सोडली. बाबा वर्तमानपत्रामागून म्हणाले, "रात्री लवकर ये, बल्ब बदलायचाय." तो हो म्हणाला. दारात आईने त्याच्या स्वेटरच्या कापलेल्या गळ्यावरून हात फिरवला. कालचा शर्ट धुवायला टाकला आहे, खिसे बघ, म्हणाला आणि जिना उतरला. ती वरून पावलं मोजत राहिली. पाचव्या मजल्यावर तो थोडा थांबला, मग पुन्हा उतरायला लागला.

शर्टाच्या खिशात एक स्क्रू निघाला, अर्धी गोळी निघाली आणि बाईंच्या पेटीचं कार्ड निघालं. प्रत्येक घरचं असं एक कार्ड तो बाळगतो. गिऱ्हाइकाचा फोन नंबर, कोणत्या खोलीत किती हवा, फिल्टर कधी बदलला, सगळं बारीक सुबक अक्षरात. कार्डाच्या मागे घराचा नकाशा काढलेला. बाईंची झोपायची खोली, पलंग, वर टाकी, फट, आणि फटीच्या मागे पेटी. पेटीच्या बरोबर खाली त्याने ठिपक्यांनी एक चौकोन काढून ठेवला होता. खोडलेला नव्हता. शेजारी लिहिलं होतं: इथे दार हवं.

आई कार्ड घेऊन बोळात आपल्या पेटीसमोर उभी राहिली. पेटी नेहमीसारखी घुं घुं करत होती. आपण कधी या पेटीसाठी जीव मुठीत धरलाय का, तिने स्वतःला विचारलं. दोन चाप, पाच मिनिटं. कारण ती जिथे हात पोचतो तिथे बसवली आहे.

भावाला फोन करावा, हा पहिला विचार. हात मोबाइलकडे गेलाही. पण मामाला सांगायचं नाही. बाबांना नाही. पैलवानाला नाही. धाकटीला नाही. तिने पुन्हा मोजलं, बोटांवर. चार जणं.

शपथेत बाई नव्हत्या.

ही पळवाट आहे हे तिला कळत होतं. संध्याकाळी पोरगा चिडेल, हेही कळत होतं. एकोणतीस वर्षांच्या माणसाची आई गिऱ्हाइकाला फोन करते म्हणजे पैलवानाला वर्षभर पुरेल एवढा विनोद. पण आणखी एक गोष्ट तिच्या लक्षात आली, आणि ती शपथेपेक्षा सोपी होती. बाईंना नवं छत जपायचं होतं. छत आता राहिलंय कुठे? ताटाएवढा डाग. ओलं झालेलं प्लास्टर कापूनच काढावं लागणार, आणि डाग पडला तो पेटीच्या बरोबर खाली. म्हणजे ज्या चौकोनात काडीला दार हवं होतं तिथेच. भोक तर पडणारच आहे, बाई. मग बुजवायचं कशाला? त्याला झाकण लावू.

हे तिला नीट सांगता आलं असतं. फिल्टर, नळी, चाप, सगळं तिला येत होतं. अडत होतं पुढच्या वाक्यावर. बाई विचारणार, मग इतकी वर्षं तो मुलगा जात होता ना फटीतून, आज काय झालं? मुख्याध्यापिका त्या. कारण घेतल्याशिवाय सोडायच्या नाहीत.

तिने रिकाम्या बोळात म्हणून बघितलं. "त्याला वेळ नाहीये." खोटं. "त्याची पाठ दुखतेय." तेही खोटं, आणि बाई औषध सुचवतील. मग तिने घराबाहेर काढलेले ते दोन शब्द म्हटले. पाणी प्यायली, पुन्हा म्हटले. बाबांनी आतून विचारलं, "कोणाशी बोलतेयस?"

"पेटीशी," ती म्हणाली.

दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. तो अजून पहिल्या घरी असेल, मीटर धरून चकती अर्धा आटा फिरवत असेल. तिने कार्ड चष्म्याजवळ धरलं, नंबराचा एकेक आकडा मोठ्याने वाचत दाबला आणि मोबाइल कानाला लावला. पलीकडे रिंग वाजायला लागली. ती मनात वाक्य जुळवून उभी होती, शाळेत उभं राहतात तशी ताठ: बाई, मी तुमच्याकडे येणाऱ्या त्या बारीक मुलाची आई बोलतेय, त्या फटीतून जायला त्याला जमत नाही.